‘खेळाडू रक्तातच असावा लागतो’ या संदेशाचा प्रतिवाद

‘खेळाडू घडत नाही, तो रक्तातच असावा लागतो’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. मिल्खा सिंग आणि जीव मिल्खा सिंग, वेस पेस आणि लिअँडर पेस, नंदू नाटेकर आणि गौरव नाटेकर, विनू मांकड आणि त्यांचा नातू हर्ष अशी नावे त्यात दिली आहेत. वडिलांचा किंवा आजोबांचा खेळ एक आणि पुढच्या पिढीचा दुसरा असूनही यश मिळाले, तेव्हा ते रक्तातूनच आले, असा निष्कर्ष त्यातून काढला आहे. ज्यांच्या घराण्यात कोणी खेळाडू नाही त्यांनी मुलांच्या खेळावर पैसा घालवण्याआधी त्यांची जनुकीय चाचणी करून घ्यावी, असा सल्ला शेवटी दिला असून सोबत एका चाचणीची जाहिरातही जोडली आहे. काळाचौकीला राहणाऱ्या माझ्या बहिणीला हा संदेश तिच्या जाऊबाईंनी पाठवला. बहिणीची मुलगी अकरा वर्षांची आहे आणि खो-खो खेळते. तिचे वडील बेस्टमध्ये वाहक आहेत आणि दोन्ही घरांत कोणी कधी जिल्हा पातळीवरही खेळलेले नाही. तिचा सराव पुढे चालू ठेवावा की नाही, अशी चर्चा त्या घरात सुरू झाली, म्हणून हे उत्तर लिहिणे भाग पडले.

संदेशातली नावे खरी आहेत, हे मान्यच आहे. मात्र त्या नावांमधून अर्धी माणसे गाळलेली आहेत. लिअँडर पेसची आई जेनिफर भारताच्या महिला बास्केटबॉल संघाची कर्णधार होती. जीवची आई निर्मल कौर भारतीय महिला व्हॉलीबॉल संघाची कर्णधार होती. हर्ष मांकडची आई निरुपमा ही राष्ट्रीय टेनिस विजेती, आणि हर्ष डेव्हिस चषकात भारतासाठी खेळला तो टेनिसच, म्हणजे आईचाच खेळ. तरीही संदेशात हर्षचे यश विनू मांकडांच्या क्रिकेटच्या नावावर जमा केले आहे आणि निरुपमा मांकड यांचा उल्लेखसुद्धा नाही. ज्या बाईने स्वतः आयुष्यभर रॅकेट हातात धरली, तिच्या मुलाला टेनिस कुठून आले याचे उत्तर शोधायला आजोबांच्या फिरकीपर्यंत जावे लागत नाही. गुणसूत्रे निम्मी आईकडून येतात, एवढे तर शाळेतल्या पुस्तकातही असते. रक्ताचा सिद्धांत मांडणाऱ्याने तरी आईला वगळायला नको होते.

मुळात, वेगवेगळ्या खेळांतली ही घराणी संदेशाच्या बाजूने साक्ष देतच नाहीत. ४०० मीटर धावण्यासाठी लागणारे शरीर आणि गोल्फसाठी लागणारे शरीर यांत साम्य फार थोडे आहे. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये चौथे आलेल्या मिल्खा सिंगांचे पाय जीवच्या गोल्फला कसे उपयोगी पडले, हे संदेशाने सांगितलेले नाही. पिढी बदलली, खेळ बदलला आणि तरी जे टिकून राहिले ते काय, असा प्रश्न विचारला तर उत्तर त्या घरांमध्ये दिसते. रोजचा सराव म्हणजे काय हे आईवडिलांना ठाऊक असते, कोणता प्रशिक्षक गाठावा हे माहीत असते, मैदानाचे दार उघडे असते, आणि परीक्षेत गुण कमी पडले म्हणून खेळ बंद होत नाही. जीव शिकण्यासाठी आणि गोल्फसाठी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातील विद्यापीठात गेला आणि १९९८ मध्ये युरोपियन टूर या व्यावसायिक गोल्फ मालिकेचा सदस्य होणारा पहिला भारतीय ठरला. लिअँडर कोलकात्याचे घर सोडून मद्रासच्या अमृतराज टेनिस अकादमीत राहायला गेला, तेव्हा तो शाळकरी मुलगा होता. त्या वयाच्या मुलाला खेळासाठी दूर पाठवण्याचा निर्णय १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचे कांस्यपदक मिळवलेल्या वडिलांना आणि बास्केटबॉल संघाची कर्णधार राहिलेल्या आईला घेता आला. काळाचौकीच्या चाळीत तो निर्णय सहा महिन्यांच्या भांडणानंतरही होत नाही.

पी. व्ही. सिंधूचे उदाहरण संदेशात दोनच ओळींत आटोपले आहे, पण ते सर्वांत बोलके आहे. तिचे आईवडील दोघेही व्हॉलीबॉलपटू, आणि वडील रमण हे १९८६च्या सोल आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होते. सिंधू उंच आहे आणि ती उंची आईवडिलांकडून आली, यात वाद नाही. पण ते दोघे रेल्वेत नोकरीला होते आणि सिंधूने बॅडमिंटनचे पहिले धडे सिकंदराबादला रेल्वेच्याच सिग्नल अभियांत्रिकी संस्थेच्या कोर्टवर गिरवले. रेल्वेच्या कोर्टवर मुलीला घेऊन जाता येणे हा वारसाच आहे, परंतु तो रक्ताच्या कोणत्याही तपासणीत दिसणार नाही.

नंदू नाटेकर यांनी तर स्वतःच खेळ बदलला होता. किशोर राष्ट्रीय टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यानंतर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये परदेशातली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. गौरवने पुढे टेनिस निवडले आणि १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेसच्या साथीने दुहेरीचे सुवर्णपदक मिळवले. ज्या घरात दोन्ही खेळांची रॅकेट ओळखीची होती, त्या घरातल्या मुलाने टेनिस निवडले यात रक्ताचे गूढ काही नाही.

क्रिकेटपटू दिनेश कार्तिक आणि स्क्वॉशपटू दीपिका पल्लिकल ही जोडीही या यादीत आहे. ते पतीपत्नी आहेत. दीपिकाची आई सुसान भारतीय महिला क्रिकेट संघातून खेळली, हे नाते संदेशाच्या कामाचे होते, पण लिहिणाऱ्याने ते सोडून विवाहाचे नाते रक्ताचा पुरावा म्हणून दिले. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

नीरज चोप्राचे पूर्वज १७६१च्या पानिपतच्या लढाईनंतर तिथेच राहिलेले मराठे होते आणि म्हणून भाला त्याच्या रक्तात आहे, हा मुद्दा मात्र आपल्याकडे इतक्या अभिमानाने पुढे पाठवला जातो की त्याला उत्तर द्यावेच लागते. त्या समाजाचा इतिहास इतिहासकारांनी पाहावा. पण १७६१ पासून टोकियो ऑलिंपिकपर्यंत २६० वर्षे होतात, म्हणजे साधारण दहा पिढ्या, आणि दहा पिढ्या मागे गेल्यावर प्रत्येक माणसाच्या वंशावळीत पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात. त्यांपैकी एका जागी एखादा भालाईत असला, तरी त्याच्या वाट्याचे किती उरले याचा हिशेब कोणालाही करता येईल. नीरजच्या बाबतीत ठाऊक असलेली हकिकत अगदी सरळ आहे. शेतकरी घरातल्या या जाड मुलाला वजन कमी करण्यासाठी पानिपतच्या स्टेडियममध्ये पाठवले गेले, तिथे भाला फेकणारी मुले त्याने पाहिली आणि त्यांनी त्याला शिकवले. ते स्टेडियम तिथे नसते आणि ती मुले त्या दिवशी सराव करत नसती, तर १७६१ काहीच कामाला आले नसते.

आता जनुकीय चाचणीविषयी, कारण घरातली चर्चा तिच्यावरच येऊन थांबली होती. संदेशासोबत एक नमुना अहवाल जोडलेला होता. त्यात हिरव्या-लाल रंगाचा काटा, त्याखाली ‘ताकद’ आणि ‘दमसास’ असे दोन रकाने, आणि मुलाने कोणते खेळ निवडावेत याची यादी होती. तो सगळा डोलारा मुख्यतः एसीटीएन३ नावाच्या एका जनुकावर उभा आहे. वेगवान हालचाल करणाऱ्या स्नायुतंतूंमध्ये आढळणारे एक प्रथिन या जनुकामुळे तयार होते. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना असे दिसले की अव्वल वेगवान धावपटूंमध्ये हे प्रथिन अजिबात नसलेली माणसे फारच कमी आहेत, आणि तिथून या चाचण्यांचा बाजार सुरू झाला. पण जगातल्या बहुसंख्य माणसांकडे या जनुकाची किमान एक चालू प्रत असतेच. वर्गातल्या बहुतेक मुलांना जो अहवाल मिळेल, तो निवडीसाठी काय कामाचा? उलट, हे प्रथिन मुळीच नसलेला एक स्पॅनिश लांब उडीपटू ऑलिंपिकपर्यंत पोहोचल्याचीही नोंद आहे.

या विषयावर एकच संदर्भ वाचायचा असेल, तर २०१५ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले तज्ज्ञांचे एकमताचे निवेदन वाचावे. अशा चाचण्या थेट ग्राहकांना विकणाऱ्या ३९ कंपन्या त्यांनी तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक कंपन्या आपण नेमके कोणते जनुकीय बदल तपासतो हेच जाहीर करत नव्हत्या. गुणवत्ता हेरण्यासाठी किंवा सरावाची दिशा ठरवण्यासाठी कोणत्याही बालकाची वा तरुण खेळाडूची अशी चाचणी करू नये, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. ज्यांनी आयुष्यभर याच विषयाचा अभ्यास केला ते नको म्हणतात, आणि आपण मात्र जाऊबाईंच्या संदेशावरून मुलीच्या गालातला नमुना टपालाने पाठवायला निघतो, याचा मला मनापासून राग येतो.

माझ्या भाचीने मला विचारले, “मामा, आपल्यात कोणीच खेळाडू नाही, मग मी उगाच जाते का?” तिच्या सरावाला मी शनिवारी गेलो होतो. एका हाताने खुंट धरून, सगळे अंग बाहेर झोकून, वेग न मोडता वळण्याचा प्रयत्न ती पुन्हा पुन्हा करत होती. चार वेळा पाय घसरला आणि पाचव्या वेळी ती नीट वळली. त्या वळणात ताकद किती आणि दमसास किती, हे कोणताही काटा सांगू शकणार नाही; खो-खोला दोन्ही लागतात आणि शिवाय समोरच्या गड्याची हुलकावणी ओळखावी लागते.

संदेशात अर्धसत्य आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. उंची, हाडांची ठेवण, सरावाला शरीर किती प्रतिसाद देते, यांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. ब्रिटनमधील जुळ्या बहिणींच्या एका अभ्यासात स्पर्धात्मक खेळाडू होण्यातल्या फरकांपैकी सुमारे दोन-तृतीयांश वाटा आनुवंशिकतेला दिला गेला. फिनलंडचा स्कीइंगपटू एरो मँतिरांता याच्या रक्तात एका दुर्मीळ जनुकीय बदलामुळे तांबड्या पेशी जास्त होत्या आणि त्याने ऑलिंपिकची सात पदके मिळवली, हेही खरे आहे. पण तोच बदल त्याच्या कितीतरी नातेवाइकांमध्ये सापडला आणि ते सगळे काही ऑलिंपिकला गेले नाहीत. शिवाय मोठ्या समूहातल्या फरकांचे असे आकडे एका मुलीचे भविष्य सांगत नाहीत. अभ्यास करणारेही तसा दावा करत नाहीत.

प्रत्येक घराण्यात कोणीतरी पहिला असतो, याचाही संदेशाला विसर पडला आहे. फाळणीत आईवडील गमावलेल्या मिल्खा सिंगांना शर्यत म्हणजे काय ते लष्करात गेल्यावर कळले. सचिन तेंडुलकरचे वडील कवी आणि प्राध्यापक होते. त्याला शिवाजी पार्कवर आचरेकर सरांकडे घेऊन गेला तो थोरला भाऊ अजित, आणि मैदान जवळ पडावे म्हणून तो दादरला काका-काकूंकडे राहिला. बोरिवलीच्या रोहित शर्माला शाळेची फी परवडणारी नव्हती, ती प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या शब्दामुळे माफ झाली.

‘बारा वर्षांच्या आत कल दिसला नाही तर पुढे काही होत नाही’ हे संदेशातले शेवटचे वाक्य. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे शेतकरी कुटुंबातला. बारावीनंतर तो लष्करात गेला, सियाचीनला राहिला आणि २०१५ मध्ये, विशीत, स्पर्धांमध्ये धावू लागला. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत त्याला रौप्यपदक मिळाले आणि सुवर्णपदक जिंकणाऱ्या केनियाच्या धावपटूपेक्षा तो फक्त ०.०५ सेकंदाने मागे होता.