साक्षीदार क्रमांक दोन

गेल्या पाच महिन्यांत माझ्या स्कूटरनं कोल्हापुरात जेवढं पेट्रोल जाळलंय, तेवढ्यात चार वेळा तुळजापूर झालं असतं. कारण आमचे थोरले आबा गेले आणि जाताना मृत्युपत्र करून गेले. म्हणजे असा त्यांचा समज होता. धावपळीत मिळालेलं ज्ञान फुकट वाटतोय, घ्या.

पहिली गोष्ट, मृत्युपत्र करूच नका. नुसतं नाव काढलं तरी यमाला पत्ता कळतो. विम्याचा हप्ता भरताना कसा काय कळत नाही, ते विचारू नका. कुणी विषय काढलाच तर ‘आमच्या पोरांत तसलं काय नाही’ म्हणायचं. नसतंच. तेराव्यापर्यंत.

अगदीच हौस असेल तर आधी पाचशेचा स्टँप आणा. साधा कागद चालतो, मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कच नाही, हातानं लिहिलं तरी चालतं, असं कायदा म्हणतो. म्हणू दे. छापील कागदाशिवाय वजन येत नाही.

आता साक्षीदार. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ६३ मागतं किती? करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार. त्यांनी त्याला सही करताना बघितलेलं असावं, नाहीतर ‘ही सही माझीच’ असं त्यानं त्यांना सांगितलेलं असावं, आणि त्यांनी आपली सही त्याच्यासमोर करावी. दोघं एकाच वेळी हजर पाहिजेत असंही नाही. आत काय लिहिलंय ते त्यांना वाचायला द्यायचीही गरज नाही. आबांनी टायपिंगचे पैसे मोजले, फोटो डकवला, पानापानावर सही ठोकली. गल्लीतल्या एका रिटायर मास्तरांची सही घेतली. त्याखाली ‘साक्षीदार क्र. २’ आणि पुढं ठिपके. त्या ठिपक्यांवर रंकाळ्यावरच्या फिरायच्या जोडीदाराची सही यायची होती. रोज पहाटे दोघं भेटायचे. उसाचा दर, गुडघे, कुणाची सून कशी, सगळं व्हायचं. ‘कागद आणायचा राहिला बघ.’ ‘उद्या आण की, पळून चाललोय काय मी?’ असं अकरा महिने चाललं. जोडीदार काही पळाले नाहीत. आबा गेले.

रक्षाविसर्जनाला हेच जोडीदार माझ्या कानाशी आले. ‘मी आत्ता करतो की सही. मागची तारीख घालू.’ अहो काका, साक्षीदारानं सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर करायची असते! आबांची रक्षा समोर पंचगंगेत चाललीय, बॉलपेन घेऊन पाण्यात उतरू काय? आणि मागच्या तारखेची सही म्हणजे बनावट कागद. म्हातारपणी पोलीस ठाण्याची पायरी दाखवू का तुम्हाला?

आबांचं घर स्वतःच्या कमाईचं. त्यांनी ते अख्खं काकीच्या, म्हणजे आपल्या बायकोच्या नावानं लिहिलं होतं. कागद बाद, म्हणून आता हिंदू वारसा कायद्यानं काकी आणि त्यांची पोरं, दादा नि ताई, असे तीन सारखे वाटे. ताई हक्क सोडायला तयार आहे. दादा पुण्याहून फोनवर सांगतो, ‘बिल्डरशी बोलून घेतोय.’ चाळीस वर्षं ज्या कट्ट्यावर काकीनं भाकऱ्या थापल्या, त्यातला तिसरा हिस्सा काकीचा. कुठला ते पट्टी लावून ठरवा.

बाकी किरकोळ आहे.

बँकेत नॉमिनी लावला की झालं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं विम्याबाबत १९८४ साली सांगितलं आणि शेअर्सबाबत २०२३ साली. पण आपण काय कोर्टाचं ऐकायला बसलोय?

दर दिवाळीला नवं मृत्युपत्र करा, तारीख न घालता. शेवटचंच खरं धरतात. शेवटचं कुठलं ते पोरं शोधतील.

वडिलोपार्जित रान अख्खं थोरल्याला लिहून द्या. लिहून देता येतो फक्त आपला वाटा, आणि २००५ पासून मुलगीही जन्मानंच हिस्सेदार आहे. असू दे. तिला दिवाळीला साडी दिली होती की.

नोंदणी सक्तीची नाही, तेवढं मात्र बरोबर लक्षात ठेवलंय सगळ्यांनी.

आणि भांडणाची चिंता तर सोडाच. २०२५ च्या ऑगस्टपासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच आलंय. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी वर्षानुवर्षं त्यासाठी आंदोलनं केली, ती काय वाया घालवायची? सख्ख्या भावाविरुद्ध अपिलात जायला आता मुंबईची रात्रीची गाडी नको. सकाळी मिसळ खायची आणि तारखेला उभं राहायचं.

हसू नका. तुमच्या कपाटात काय आहे ते सांगा. लग्नातल्या आहेराची वही वीस वर्षं जपता, चुलत्यानं बांध किती इंच कोरला ते तोंडपाठ, आणि बायकोच्या डोक्यावरचं छप्पर ठिपक्यांवर सोडून खुशाल फिरायला जाता. मरणाची भीती वगैरे काही नाही हो. आळस आहे नुसता, आणि तुमच्या आळसाची घरपट्टी ती भरते. दोन माणसं लागतात. मिसळ खायला दहा गोळा करता, सही करायला दोन मिळत नाहीत?

परवा काकीनं तो कागद पुन्हा माझ्यापुढं धरला. ‘त्यांनी लिहिलंय नव्हं सगळं? हे बघ, माझं नाव हाय. वाचता येतंय की.’

येतंय काकी. ठिपक्यांपर्यंत सगळं वाचता येतंय.