साध्या कांजिण्या

"साध्या कांजिण्या तर आहेत, एवढं काय घाबरायचं?" लेकीची केमो चालू असताना हे मला तिघींनी तरी ऐकवलं. त्यातल्याच एका मैत्रिणीच्या मुलाबरोबर माझी लेक रविवारी दुपारभर खेळली. सोमवारी त्याच्या अंगावर पुरळ आलं. मला कळलं बुधवारी रात्री, तेही भलत्याच कुणाकडून.

रविवारबद्दल माझी तक्रार नाही. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण होते, ते तिला तरी कसं कळणार? माझा राग आहे पुढच्या तीन दिवसांच्या गप्प बसण्यावर. संपर्कानंतर तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन शक्यतो ९६ तासांच्या आत द्यायचं असतं. गुरुवारी सकाळी ते टोचलं तेव्हा नव्वद तास होऊन गेले होते.

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, औषधांनी, त्यात स्टेरॉइडनी, लढणाऱ्या पेशीच झोपवलेल्या असतात. मग हा विषाणू कातडीवर थांबत नाही. फुप्फुसात, यकृतात, मेंदूतही शिरतो. कधी फोड यायच्या आधी नुसतं पोटच भयंकर दुखतं. असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध शिरेतून वेळेवर सुरू झालं तर बहुतेक मुलं निभावतात, पण 'वेळेवर'ला फार अर्थ आहे. शिवाय केमो लांबते ती वेगळीच.

"मग लस का नाही दिलीस?" हाही प्रश्न आला. लस जिवंत विषाणूची असते, केमो चालू असताना देत नाहीत. गंमत बघा, जपानच्या मिचिआकी ताकाहाशींनी १९७४ साली ही लस पुढे आणली, तेव्हा सुरुवातीच्या चाचण्यांत ल्युकेमियाची मुलंही होती! आता घरातल्या भावंडांना ती द्यायची, म्हणजे आजारी मुलाभोवती कुंपण होतं. लेकाला आम्ही लगेच दिली. लसीनंतर त्याला पुरळ आलं तर दोघांना लांब ठेवा, एवढंच डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि नागीण. ती म्हाताऱ्यांचीच असते असं मलाही वाटायचं. वॉर्डातला एक मुलगा दोन दिवस पाठ दुखते म्हणून रडत होता. तिसऱ्या दिवशी एका बाजूला फोडांचा पट्टा उठला. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो, प्रतिकारशक्ती ढासळली की उठतो. आजोबांना नागीण झाली असेल तर त्या फोडांतून नातवाला नागीण होत नाही, कांजिण्या होतात. तेव्हा मांडीवर घेणं तेवढे दिवस टाळा.

इंजेक्शन घेतलं की २८ दिवस लक्ष ठेवायचं. रोज रात्री टॉर्च घेऊन मी तिची पाठ, कानामागची जागा, डोकं बघायची. केस नव्हतेच, तेवढं सोपं. "आई, डास चावलाय गं तो," ती वैतागून म्हणायची. काही निघालं नाही.

त्याच दिवसांत एकदा पहाटे सहाला फोन वाजला. तीच मैत्रीण. "धाकट्याच्या पोटावर दोन फोड दिसतायत. कशाचे ते माहीत नाही, अजून डॉक्टरकडेही नेलं नाही. आधी तुला सांगते."