तेरवीच्या आधी कौतुक करू नका

कलासमीक्षक व्हायचं मनात घेतलं असेल, तर एक पथ्य आधीच पाळा: चित्रकार जिवंत आहे तोवर त्याच्या वाटेला जाऊ नका. जिवंत माणूस फार अडचणीचा. तुम्ही मोठ्या कष्टानं अर्थ काढता आणि तो चहाचा घोट घेत सांगतो, की तसं काही नाही.

वरुडकडच्या आमच्या गावात एक पेंटरकाका आहेत. पोळ्याला बैलांची शिंगं, एरवी दुकानांच्या पाट्या, निवडणूक आली की भिंती. काम संपलं की गेली चाळीस वर्षं ते गोठ्याच्या एकाच भिंतीला ब्रश पुसतात. शिंगांचा लाल, फळ्याचा काळा, पाण्याच्या टाकीचा निळा; एका पक्षाचा रंग पुढच्या निवडणुकीत दुसऱ्याच्या रंगाखाली गाडलेला. जवळून पाहिलं तर पोपडे सुटलेत आणि एखाद्या जुन्या पोळ्याचा पिवळा खालून डोकावतो. मी त्या भिंतीपुढे मान वाकडी करून 'स्तरांचा मूक संवाद' असं काहीसं पुटपुटलो. काका म्हणाले, "टर्पेंटाईन महाग झालं बाप्पा, म्हून भिंतीले पुसतो."

अशानं समीक्षा होते का?

म्हणून थांबायला शिका. चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या नागपूरचे, जन्म १९२४. पद्मश्री १९७१ मध्येच मिळाली होती, नाही असं नाही. पण २००१ मध्ये ते गेले आणि न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं २०१४ मध्ये. मोजा. तेरा वर्षं. आपल्याकडे तेराव्या दिवशी अख्खं गाव गोड बोलतं, तिकडे तेराव्या वर्षी, फरक तेवढाच. बुंदी नसते, कॅटलॉग असतो. सय्यद हैदर रझा शिकले नागपूरच्या कलाशाळेत, गेले २०१६ मध्ये, आणि पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात त्यांचं मोठं प्रदर्शन लागलं २०२३ साली. आयुष्याची कितीतरी वर्षं त्याच देशात काढली होती त्यांनी. पण घाई कशाला?

चित्र समजलं नाही तर घाबरू नका, उलटसुलटही विचारू नका. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मातिसचं 'होडी' हे चित्र ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. लाखावर लोक पाहून गेले, त्यांत जाणकारही असतीलच. आमच्या आजीला घरातलं कॅलेंडर तिरकं लागलेलं चुलीपासून दिसायचं, पण तिला समीक्षेचं अंग नव्हतं.

किमतीच्या बाबतीत मात्र सावध राहा. इटलीच्या मॉरित्सिओ कॅटेलाननं भिंतीला चिकटपट्टीनं केळं चिकटवलं, २०२४ मध्ये लिलावात त्याला ६२ लाख डॉलर आले आणि घेणाऱ्यानं ते खाऊनही टाकलं. ऐकून आमच्या एका कास्तकारानं खळ्याच्या भिंतीला संत्रं चिकटवायचं ठरवलं. मी समजावलं, भाऊ, झाडाखाली आंबिया बहाराची गळ पडते ना, तिला कला म्हणत नाहीत, नुकसान म्हणतात. तिचा पंचनामा होतो, प्रदर्शन नाही. तेही तलाठी आला तर.

आता काकांच्या सिंहावलोकनाची तयारी. शब्द मी काढून ठेवलेत: 'उपेक्षित', 'ग्रामीण', 'अवकाश'. यातला पहिला सांभाळावा लागतो. एका शाळेच्या बोर्डाचे पैसे दोन वर्षांपासून अडकलेत. ते कोणी मिळवून देऊ नका. उधारी फिटली की उपेक्षा संपली, मग तुम्ही लिहिणार कशावर? भिंतीचीही काळजी घ्या. घरकुल मंजूर झालं तर पोरगा ती पाडेल, म्हणून घरकुलासाठीही कोणी शब्द टाकू नका.

परवा काकांनीच हटकलं. "शायेच्या बोर्डाचं जमवून दे ना रे. तू तं पेपरात लिवतं."

"काका," मी म्हटलं, "तुमच्यावर पुढं खूप लिहायचंय मला."

"पुढं म्हंजे कवा?"

काय सांगणार? मी वर बघितलं. त्यांनी डब्यातला ब्रश निथळला आणि भिंतीवर दोन फटकारे मारले, पांढरे. छान पडले होते. मी फोटो काढला आणि तारीख टाकून ठेवलाय.