मुसोलिनीची म्हणे 'एकच चूक'!

"मुसोलिनी वाईट नव्हता, हिटलरच्या नादी लागला ही त्याची एकच चूक. त्यानेच इटलीला पेन्शन दिली, ट्रेन वेळेवर आणल्या, दलदल हटवली, माफिया संपवला. आणि लोकांनीच त्याला निवडून दिलं होतं." हा मेसेज कधीपासून फिरतोय, मी सोडून देत होते, पण भाचीने वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात हे सगळं जसंच्या तसं उतरवलेलं बघितलं आणि डोकंच फिरलं.

पेन्शन. इटलीत म्हातारपणाचा सक्तीचा विमा आला १९१९ साली, त्याआधीचा ऐच्छिक फंड १८९८ चा. मुसोलिनी पंतप्रधान झाला १९२२ मध्ये. तिथली सरकारी पेन्शन संस्था आयएनपीएस स्वतःचा इतिहास असाच सांगते, मग वाद कसला घालायचा?

निवडून दिलं म्हणे. १९२१ च्या निवडणुकीत ५३५ पैकी ३५ जागांवर फॅसिस्ट, म्हणजे मुसोलिनीच्या पक्षाचे लोक, आले होते, तेही युती करून. ऑक्टोबर १९२२ मध्ये काळे शर्टवाले, म्हणजे त्याच्या पक्षाच्या टोळ्या, रोमकडे निघाले, सरकारने लष्करी कायद्याचा हुकूम तयार ठेवला, राजाने त्यावर सही केली नाही आणि उलट मुसोलिनीलाच सरकार बनवायला बोलावून घेतलं. मग नवा कायदा केला, ज्या यादीला २५ टक्के मतं मिळून ती पहिली येईल तिला दोन तृतीयांश जागा! १९२४ ची निवडणूक त्या कायद्याने आणि मारहाण करून झाली. ३० मे ला विरोधी खासदार जाकोमो मातेओत्तीने संसदेत उभं राहून हे सगळं बोलून दाखवलं, १० जूनला त्याला भर दिवसा रोममध्ये गाडीत कोंबून नेलं, प्रेत सापडलं ऑगस्टमध्ये. पुढच्या जानेवारीत मुसोलिनीने संसदेतच जे काही झालं त्याची राजकीय, नैतिक, ऐतिहासिक जबाबदारी माझी असं सांगितलं, आणि कुणी त्याचं काही वाकडं केलं नाही. तरी इटलीचे तेव्हाचे पंतप्रधान बर्लुस्कोनी २००३ मध्ये म्हणाले की मुसोलिनीने कधी कुणाला मारलं नाही.

दलदलीचं मात्र मान्य करावं लागेल. रोमच्या दक्षिणेला मोठं काम झालं, १९३२ मध्ये लित्तोरिया म्हणजे आजचं लातिना शहर वसवलं, मलेरिया कमी झाला. पूर्ण गेला तो युद्धानंतर, डीडीटी मारल्यावर. माफियावर मोरी नावाचा प्रीफेक्ट, म्हणजे सरकारी प्रांताधिकारी, सोडला होता, सिसिलीतल्या गांजी गावात त्याने बायकापोरांना ओलीस धरलं, १९२९ मध्ये त्याला परत बोलावलं, आणि युद्धानंतर माफिया पुन्हा हजर. ट्रेनचं म्हणाल तर रेल्वेची दुरुस्ती तो यायच्या आधीच सुरू झाली होती.

आता ती 'एकच चूक'. १९३०-३१ मध्ये लिबियात सुमारे एक लाख माणसं वाळवंटातल्या कॅम्पात कोंबली, हजारोंनी मेली, इटलीशी लढणाऱ्या लिबियनांचा नेता, सत्तरीतल्या ओमर मुख्तारला कॅम्पातल्या लोकांसमोर फाशी दिली. तेव्हा हिटलर जर्मनीत सत्तेवरही आला नव्हता! १९३५-३६ मध्ये इथिओपियावर विमानातून मस्टर्ड गॅस हा विषारी वायू टाकला, आणि इटलीच्या संरक्षण मंत्र्याने हे कबूल केलं थेट १९९६ मध्ये. १९३७ मध्ये इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, इटालियन तीन दिवस दिसेल त्याला मारत सुटले. यात हिटलरचा नाद कुठे आला?

ज्यूविरोधी कायदे १९३८ चे, जर्मनीशी लष्करी करार १९३९ चा, म्हणजे कायदे आधीचे. त्या कायद्याने मिलानमध्ये आठ वर्षांच्या लिलियाना सेग्रेला शाळेतून काढलं. तेराव्या वर्षी, ३० जानेवारी १९४४ ला, मिलान स्टेशनखालच्या टपालाच्या फलाटावरून तिला वडिलांसकट नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत पाठवलं. त्या गाडीत सहाशेच्या वर माणसं होती, परत आली जेमतेम वीस-बावीस. वडील परत आले नाहीत.

त्या सेग्रेबाई आज इटलीच्या आजीव सिनेटर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या तहहयात सदस्य, आहेत. २०१९ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, इतक्या धमक्या यायला लागल्या की त्यांना पोलीस संरक्षण द्यावं लागलं. त्याच वर्षी युरोपीय संसदेचे अध्यक्ष तायानी रेडिओवर म्हणाले की मुसोलिनीने रस्ते, पूल बांधले, चांगलीही कामं केली, आणि मग माफी मागत बसले. तिकडे हा प्रकार अजून चालू आहे, आपण तो मराठीत कशाला आणायचा? मेसेज आला असेल तर डिलीट करा, आणि ज्याने पाठवला त्याला मातेओत्ती कोण ते विचारा.