सुपरमॅनला दुबळं करू नका, पेचात टाका

नायक सुपरमॅनएवढा बलवान असला की गोष्ट लिहिणाऱ्यांची पंचाईत होते, मान्य. पण म्हणून त्यालाच लेचापेचा करायचं, हे मला अजिबात पटत नाही. सुपरमॅन आणि इतर सुपरहिरोंच्या चमूची ‘जस्टिस लीग’ ही ॲनिमेटेड मालिका २००१ मध्ये सुरू झाली आणि पहिल्याच सीझनमध्ये हे घडलं. शत्रू किती भारी आहे हे दाखवायचं तर आधी सुपरमॅनला आपटायचं. विजेचा झटका बसला की हा आडवा! बाकीच्यांना वाव मिळावा म्हणून सगळ्यांत ताकदवान गड्याने मार खायचा. प्रेक्षक नाराज झाले, पुढच्या सीझनमध्ये त्याला थोडा जोर परत मिळाला.

आपल्या छोटा भीमचं उलटं. लाडू तोंडात गेला की माझा भाचा “आता तो जिंकतलोच” म्हणत रिमोट शोधायला लागतो.

आम्हा मालवणकडच्या लोकांना यावरचा उपाय जत्रेतच बघायला मिळतो. दशावतारात देव जिंकणार हे लहान पोरालाही ठाऊक असतं, तरी पहाटेपर्यंत देवळासमोरून कोणी हलत नाही. राक्षसाने वर मिळवलेला असतो, कोणीतरी शब्द देऊन बसलेलं असतं. हातात लिहिलेली संहिता नसताना दोन नट समोरासमोर उभे राहून नुसत्या सवाल-जबाबावर प्रसंग असा चढवतात की युद्ध फिकं पडावं. देवाच्या बळाला तिथे कोणी कात्री लावत नाही, पण त्याचे हात बांधलेले असतात.

‘जस्टिस लीग’लाही हे पुढे जमलं. ‘अ बेटर वर्ल्ड’ (२००३) या भागात दुसऱ्या एका जगातला सुपरमॅन आपल्या कट्टर शत्रूला, राष्ट्राध्यक्ष झालेल्या लेक्स लुथरला डोळ्यांतल्या किरणांनी ठार करतो. एका क्षणात खेळ खलास. मग त्या जगात सगळीकडे शांतता, आणि हॉटेलच्या बिलावरून वाद घातला म्हणून एका माणसाला उचलून नेतात. तो प्रसंग बघताना माझ्या अंगावर काटा येतो. सुपरमॅनची ताकद तीच, फक्त त्याने स्वतःला आवरणं सोडलंय.

आणि पुढे ‘जस्टिस लीग अनलिमिटेड’ नावाने चाललेल्या मालिकेचा २००६ चा शेवटचा भाग, ‘डिस्ट्रॉयर’! आपण पुठ्ठ्याच्या जगात राहतो, काही मोडू नये, कोणी मरू नये म्हणून सतत जपून वागतो, असं सुपरमॅन डार्कसाइड या महाबलाढ्य खलनायकाला सांगतो आणि पहिल्यांदाच हात मोकळा सोडतो. त्या एका ठोशात इतक्या वर्षांचा संयम दिसतो. एवढं करूनही डार्कसाइड त्याला वेदनेने जखडतोच, आणि पृथ्वी वाचते ती लुथरमुळे. सुपरमॅनचं बळ तसूभरही न घटवता त्याला हरवून दाखवलं. असं लिहायला धमक लागते.