तांबूची लस तीन वर्षांची, कागद मात्र एका सहलीचा

२०२५ च्या जुलैमध्ये आम्ही तांबूला घेऊन दहा दिवस फ्रान्समधल्या नॉर्मंडीला जाऊन आलो. तांबू म्हणजे आमचा पाच वर्षांचा कॉकर स्पॅनियल. आईकडे कराडला तांब्याचे जुने घंगाळ आहे, अगदी त्याच रंगाचा, म्हणून त्याचे नाव तांबू. आम्ही परत आल्यापासून इंग्लंडमधल्या आमच्या रेडिंगमधल्या आणि आसपासच्या मराठी कुटुंबांचे फोन येत आहेत. कागद कोणते लागतात, किती दिवस आधी सुरुवात करायची, खर्च किती येतो, असे त्यांचे प्रश्न असतात. प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. पण नुसती माहिती लिहून थांबणे मला जमणार नाही, कारण या व्यवस्थेतला एक भाग मला मनापासून पटतो आणि दुसरा अजिबात पटत नाही.

जो पटतो तो आधी सांगते. ज्यांचे लहानपण महाराष्ट्रात गेले आहे, त्यांना रेबीज म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. आमच्या आळीत भाजीची हातगाडी लावणाऱ्या एका गृहस्थांना कुत्रे चावले होते. जखम किरकोळ आहे म्हणून त्यांनी हळद भरली आणि ते कामाला लागले. दीड महिन्याने त्यांच्या घरासमोर माणसे जमली, तेव्हा मोठ्यांनी आम्हा मुलांना आत ओढून दारे लावून घेतली. पण त्यांना पाण्याचा तांब्या दाखवताच येणारा आवाज दाराआडूनही ऐकू येत होता. त्या काळी बेंबीभोवती चौदा इंजेक्शने घ्यावी लागत आणि त्या भीतीनेच कित्येक जण दवाखान्याची पायरी चढत नसत. आजही जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यामुळे कुत्र्याला लस दिल्याचा पुरावा सीमेवर मागितला, तर मला त्याचा कधीच जाच वाटलेला नाही.

ब्रिटनने हा रोग घालवायला मोठी किंमत मोजली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे कुत्र्यांना मुसके बांधण्याची सक्ती झाली आणि १९०२ मध्ये रेबीज संपला. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी तो पुन्हा शिरला, आणि १९२२ मध्ये पुन्हा संपवावा लागला. त्यानंतर कित्येक दशके बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने विलगीकरणाच्या पिंजऱ्यात काढावे लागत. हाँगकाँगचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांनी आपली व्हिस्की आणि सोडा ही दोन कुत्री त्या पिंजऱ्यात न टाकता फ्रान्समध्ये ठेवली होती. पॅरिसमधल्या माजी ब्रिटिश राजदूतांच्या पत्नी मेरी फ्रेटवेल यांनी या सक्तीविरुद्ध चळवळ उभी केली. १९९८ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने लस, ओळखीसाठी कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप आणि रक्ततपासणी यांच्या आधारे पिंजरा टाळता येईल असे सांगितले, आणि २८ फेब्रुवारी २००० पासून पाळीव प्राण्यांच्या प्रवासाची नवी योजना सुरू झाली. विज्ञान पुढे गेले तसा नियमही सुटसुटीत झाला, आणि तो असाच व्हायला हवा. २०१२ पासून तर युरोपीय संघातून परतताना रक्ततपासणीचीही अट राहिली नाही. तेव्हापासून निळ्या मुखपृष्ठाचे ते छोटे पुस्तक, म्हणजे पाळीव प्राण्याचा युरोपीय पासपोर्ट, एवढ्यावर काम भागत असे.

आमच्या आधीच्या कुत्रीचे, चिंगीचे, ते निळे पुस्तक अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यात तिचा फोटो आहे, चिपचा पंधरा अंकी क्रमांक आहे, दोन लशींचे चिकटवलेले कागद आहेत आणि तीन सहलींचे जंताच्या गोळीचे शिक्के आहेत. चिंगी तीनदा फ्रान्सला गेली आणि तीनदा परत आली, ती या एकाच पुस्तकावर. जाण्यापूर्वी लशीची मुदत शिल्लक आहे ना एवढे पाहायचे आणि निघायचे. या सगळ्या काळात कुत्र्यांमधला रेबीज ब्रिटनमध्ये परतला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

१ जानेवारी २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये दिलेली ही पुस्तके युरोपीय संघात चालेनाशी झाली. त्यांच्या जागी आरोग्य दाखला आला. तो कोणताही पशुवैद्य देऊ शकत नाही. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण घेतलेला, सरकारने अधिकार दिलेला पशुवैद्यच लागतो. युरोपात पाऊल ठेवण्याआधीच्या दहा दिवसांतच दाखला घ्यावा लागतो. ज्या देशातून प्रवेश करणार त्याच्या भाषेतही तो असावा लागतो. आम्ही गेलो तेव्हा, म्हणजे २०२५ मध्ये, त्यानंतर चार महिने त्यावर युरोपात फिरता येत होते आणि परत येता येत होते. पण एकदा घरी परतलात की तो संपला. महिन्याभराने पुन्हा जायचे असेल तर पुन्हा नवा दाखला आणि पुन्हा नवी फी. फी किती घ्यायची हे ज्या त्या दवाखान्याने ठरवायचे. मी पाच ठिकाणी विचारले, तेव्हा ११० पासून २४० पाउंडांपर्यंतचे आकडे ऐकले. शेवटी आम्ही १८५ पाउंड दिले.

त्या भेटीत काय झाले ते जरा सविस्तर सांगते, कारण त्यातच सगळे आले. डॉक्टरबाईंनी तांबूच्या मानेवरून स्कॅनर फिरवला आणि पडद्यावर उमटलेला क्रमांक मोठ्याने वाचला. मी लसीकरणाच्या कार्डावर बोट ठेवून जुळवत होते. अकराव्या आणि बाराव्या अंकाशी माझे बोट थांबले. कार्डावर ते दोन अंक उलटसुलट लिहिले होते. आम्ही पूर्वी राहत होतो त्या गावातल्या दवाखान्यात लस देताना हाताने उतरवलेला क्रमांक चुकला होता, आणि जवळजवळ तीन वर्षे तो कोणाच्याच, अगदी माझ्याही, लक्षात आला नव्हता. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या की, कागदाप्रमाणे पाहिले तर ही लस या कुत्र्याला दिलेलीच नाही. पुन्हा लस द्यायची म्हटले तर ती पहिली धरली जाते आणि त्यानंतर एकवीस दिवस थांबावे लागते. आमची गाडी सहाव्या दिवशी इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून फ्रान्सला जाणार होती. सुदैवाने त्या जुन्या दवाखान्याच्या संगणकात क्रमांक बरोबर होता. त्यांनी मूळ नोंद आणि दुरुस्तीचे पत्र संध्याकाळपर्यंत पाठवले आणि दुसऱ्या दिवशी आमचे काम झाले. म्हणून सगळ्यांना माझे सांगणे आहे, आजच घरातले कार्ड काढा, एकदा चिप स्कॅन करून घ्या आणि पंधराही अंक स्वतः जुळवून पाहा. चिप बसवल्याची तारीख लशीच्या आधीची किंवा त्याच दिवसाची आहे ना, हेही पाहा. चिपच्या आधी टोचलेली लस प्रवासासाठी धरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दाखला तयार करायला पाऊण तास लागला. इंग्रजी आणि फ्रेंचमधला तो कागदांचा गठ्ठा आहे. आपल्याला लागू नसलेली प्रत्येक ओळ पेनाने खोडायची, खोडलेल्या ओळीशेजारी सही करायची, शिक्का मारायचा, पान उलटायचे आणि पुन्हा तेच. एक शिक्का राहिला तरी पलीकडचा अधिकारी परत पाठवू शकतो, आणि बोल त्या डॉक्टरवर येतो. बाहेर दोन आजारी मांजरे आणि पाय मोडलेला एक कुत्रा वाट पाहत होते. एवढे शिकलेले माणूस पाऊण तास ओळी खोडत बसते आणि त्यातून तांबूच्या प्रकृतीबद्दल आदल्या दिवशी माहीत नव्हते असे काहीच कळत नाही, हे पाहताना मला खरोखर वाईट वाटले.

माझे म्हणणे एवढेच आहे. तांबूच्या लशीची मुदत तीन वर्षे आहे. चिप जन्मभराची आहे. मग या दोन गोष्टी सिद्ध करणारा कागद एका सहलीत का संपावा? काही जण म्हणतात की दहा दिवस आधीच्या तपासणीत कुत्रा धडधाकट आहे हे तरी कळते. तो मुद्दा मी फेटाळत नाही. पण रेबीजपासून संरक्षण लशीने होते, आणि ती नोंद चिंगीच्या पुस्तकात तितकीच पक्की होती. पिल्लांची चोरटी आयात रोखायला कडक नियम हवेत, असेही म्हणतात. तेही खरे आहे, आणि म्हणूनच एका माणसाने पाचपेक्षा जास्त प्राणी नेऊ नयेत, मालकाने प्राण्याच्या मागेपुढे पाच दिवसांच्या आत प्रवास करावा, या अटी आहेत. त्या अवश्य असाव्यात. मात्र त्याच कुत्र्याची तीच लस दर खेपेला नव्याने शेकडो पाउंड देऊन सिद्ध करावी लागते, तेव्हा भुर्दंड पडतो तो प्रामाणिक माणसाला. आमच्या शेजारच्या निवृत्त आजी दरवर्षी दोनदा फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात बहिणीकडे जात. आता त्या एकदाच जातात, आणि तेव्हाही आपल्या म्हाताऱ्या टेरियरला कोणाकडे तरी ठेवून जातात.

परतीची अट वेगळी आहे आणि ती मला पटते. ब्रिटनमध्ये नसलेला एक घातक पट्टकृमी, म्हणजे पोटातला चपटा जंत, युरोपातल्या कोल्ह्यांमध्ये आणि कुत्र्यांमध्ये आढळतो, आणि तो माणसाच्या यकृतात घर करतो. म्हणून परतण्याआधी किमान २४ आणि जास्तीत जास्त १२० तास, या मधल्या वेळात पशुवैद्याकडून जंताची गोळी द्यावी लागते. आम्हाला बुधवारी, १६ जुलैला परतायचे होते. रविवारी दवाखाना बंद, सोमवारी १४ जुलै म्हणजे फ्रान्सचा राष्ट्रीय सण, आणि मंगळवारवर अवलंबून राहायची माझी तयारी नव्हती. म्हणून शनिवारी सकाळीच गेलो. तांबूने गोळी दोनदा जिभेने बाहेर ढकलली. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी ती त्याच्या घशाशी ठेवून तोंड मिटून धरले, मान चोळली आणि त्याने गिळल्यावरच घड्याळ पाहून दाखल्यावर तारखेपुढे १०:४० लिहिले. ही वेळ लिहिलेली आहे की नाही ते तिथेच वाचून घ्या. फ्रान्सच्या बाजूला कॅलेला बोगद्याच्या स्थानकाजवळ प्राण्यांसाठी वेगळा स्वागतकक्ष आहे. तिथे आपल्याच हातात स्कॅनर देतात, चिप आपणच वाचून दाखवायची, आणि समोरची व्यक्ती तास मोजते. आमचे काम पाच मिनिटांत झाले आणि पुढची पस्तीस मिनिटे तांबू गाडीत माझ्या मुलीच्या मांडीवर डोके ठेवून झोपला होता.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ज्या देशांतून रक्ततपासणीशिवाय कुत्रा आणता येतो त्यांच्या ब्रिटनच्या किंवा युरोपच्या यादीत भारत नाही, त्यामुळे तिथून कुत्रा आणायचा तर लशीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावे लागते, लशीमुळे तयार झालेल्या प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ एकक यावे लागते, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. म्हणजे पाच-सहा महिने आधी तयारीला लागा. शिवाय विमानाने ब्रिटनमध्ये येणारा पाळीव कुत्रा प्रवाशाजवळ बसून येऊ शकत नाही. तो मालवाहतुकीतूनच येतो. याच कारणाने आम्ही तांबूला कराडला नेत नाही. आईला हे फोनवर समजावताना फ्रान्सच्या दाखल्याचाही विषय निघाला, तेव्हा ती म्हणाली, “अगं, त्याला सुई टोचलीये ना तीन वर्षांची? मग दर खेपेला कागद कशाला?” तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

१९ मे २०२५ रोजी लंडनमध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघाची जी शिखर बैठक झाली, तिच्यातल्या समझोत्यानंतर दर सहलीला दाखला घेण्याची गरज संपून पासपोर्ट परत येतील, असे ब्रिटिश सरकारने जाहीर केले. मला त्या बातमीने फार आनंद झाला. पण त्यानंतर सात आठवड्यांनी आम्ही निघालो तेव्हा हातात तोच गठ्ठा होता. घोषणा आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये वेळ जातो हे मी समजू शकते. तरीही तुमच्यापैकी जे इथे मतदार आहेत, त्यांनी आपल्या खासदाराला एक पत्र लिहावे असे मला वाटते. मी लिहिले आहे. पत्रात मी दोनच गोष्टी मागितल्या आहेत. लस, चिप आणि जंताची गोळी यांच्या अटींत काडीचीही सूट देऊ नका, आणि या तिन्हींची नोंद लशीची मुदत असेपर्यंत चालेल अशा एका पुस्तकात करा. पत्रासोबत चिंगीच्या पुस्तकातल्या त्या शिक्क्यांच्या पानाची छायाप्रत जोडली आहे. ज्यांना मसुदा हवा असेल त्यांनी मला निरोप पाठवावा, मी लगेच देईन.