गळती शोधायची सोडून सुटे भाग कसले बदलता?

सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिन थरथरते, आरपीएमचा काटा खालीवर होतो आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा विझत नाही, ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेल्यावर आधी स्पार्क प्लग, मग इग्निशन कॉइल आणि शेवटी एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर अशी बिले माझ्या हातात ठेवली गेली, याची मला मनस्वी चीड आली आहे. स्कॅनरवर पी०१७१ हा कोड होता आणि त्याचा अर्थ एवढाच, की मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. ऑक्सिजन सेन्सर नेमके तेच इमानाने सांगत होता, आणि यांनी सांगणाऱ्यालाच काढून टाकले!

ही जास्तीची हवा आली कुठून, हा प्रश्न तिथे एकालाही का पडू नये? आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन नुसते चालू असताना, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, व्हॅक्यूम असतो, त्यामुळे तडकलेल्या नळीतून किंवा कडक झालेल्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरला चुकवून आलेल्या या हवेचा हिशेब ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडे, नसल्याने पेट्रोल कमी पडते, आणि मग ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून तो ते वाढवत राहतो. ही वाढ त्याच स्कॅनरवर फ्युएल ट्रिम म्हणून दिसते. आयडलिंगला अधिक २० टक्क्यांच्या घरात असलेला ट्रिम आरपीएम २५०० वर नेताच शून्याकडे उतरत असेल, तर गळतीचा संशय घ्यायला आणखी काय हवे? पेट्रोल पंप कमजोर असता, तर इंजिनावर भार पडल्यावर आकडा उलट चढला असता. पण बटण दाबून ते पान उघडण्याचे कष्टही कोणी घेतले नाहीत.

इनटेकमध्ये कमी दाबाने धूर सोडला की फट असेल तिथून तो बाहेर पडतो. ही तपासणी करायची सोडून तापलेल्या एक्झॉस्टशेजारी कार्ब क्लीनर या ज्वलनशील द्रवाचे फवारे मारले गेले, ज्याने आग लागू शकते. अखेर दुसऱ्या मेकॅनिकने धूर सोडला, तेव्हा इंजिनातल्या वाफा पुन्हा इनटेकमध्ये सोडणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हच्या नळीला वळणावर, खालच्या अंगाला चीर सापडली. तेलाच्या वाफांनी आणि उष्णतेने तिथले रबर खराब होते, हे या धंद्यात कोणाला ठाऊक नाही? नळीची किंमत सेन्सरच्या तुलनेत नगण्य होती.

जुना सेन्सर परत मागितला, तर तो भंगारात गेल्याचे सांगण्यात आले. विनाकारण बदललेल्या भागांचे पैसे मी लेखी मागितले आहेत, आणि ‘नवीन भाग तर बसले ना’ हे उत्तर मला मुळीच मान्य नाही.